मेरी स्यूचे चुकले तरी काय?

आवडती मालिका संपते, कादंबरीचे शेवटचे पान उलटते, पण गोष्ट काही लगेच मनातून उठून जात नाही. "त्या वेळी तिने गप्प बसायला नको होते," असे जेवताना सूनबाई म्हणतात. "त्या धाकट्याला उगीच मारले हो," असे म्हणून आजी हळहळतात. बहुतेक घरांत ही चर्चा ताटे उचलेपर्यंत टिकते. काही जणांचे मात्र तेवढ्यावर भागत नाही. ते कागद पुढे ओढतात, हल्ली मोबाइल उघडतात, आणि राहून गेलेला प्रसंग स्वतःच लिहून काढतात. लेखकाने ज्याला मारले त्याला जगवतात, ज्यांची ताटातूट केली त्यांची भेट घडवून आणतात.

अशा लेखनाला 'फॅन फिक्शन' म्हणतात. मराठीत 'चाहत्यांच्या कथा' म्हणू. पात्रे दुसऱ्याची, जग दुसऱ्याचे, लिहिणारा मात्र चाहता. यातून पैसा मिळत नाही, आणि बहुतेक ठिकाणी तो मिळवण्याची परवानगीही नसते. मिळतो तो वाचक आणि त्याचा अभिप्राय. हा छंद किती पसरला आहे, याची कल्पना एका उदाहरणावरून येईल. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' नावाचे एक संग्रहस्थळ २००९ मध्ये सर्वांसाठी खुले झाले. ते स्वयंसेवक चालवतात, खर्च देणग्यांतून भागतो, जाहिरात एकही नसते. आज तिथे १ कोटीहून अधिक कृती आहेत. २०१९ मध्ये या संग्रहाला विज्ञानकथांच्या क्षेत्रातला मानाचा ह्यूगो पुरस्कारही मिळाला.

सगळा हौसेचा मामला, देण्याघेण्याचा व्यवहार नाही, मग भांडण कशाचे, असे कोणालाही वाटेल. पण भांडणे आहेत, आणि ती चांगली पन्नास वर्षे चालू आहेत. पात्र मुळात कसे आहे हे ठरवायचे कोणी? नवख्याने ते 'बिघडवले' तर त्याला सांगावे की नाही? आणि सांगायचे तर कसे? या साऱ्या भांडणांच्या मधोमध एक मुलगी उभी आहे. वय वर्षे साडेपंधरा, नाव मेरी स्यू.

कोण ही मेरी स्यू?

अमेरिकेत १९६६ ते १९६९ या काळात 'स्टार ट्रेक' ही मालिका दाखवली गेली. अंतराळयान 'एंटरप्राइज', त्याचा धडाडीचा कॅप्टन कर्क, टोकदार कानांचा आणि भावनांना थारा न देणारा स्पॉक, चिडका पण मायाळू डॉक्टर मकॉय ही तिची मुख्य मंडळी. आपल्याकडेही १९८०च्या दशकात दूरदर्शनवर ही मालिका दिसली, आणि स्पॉकचे ते कान अनेकांच्या स्मरणात असतील.

मालिका चालू असतानाच, १९६७ मध्ये, 'स्पॉकानालिया' नावाचे चाहत्यांचे पहिले नियतकालिक निघाले. त्यापाठोपाठ अशा अंकांची रांगच लागली. आपल्याकडे कॉलेजात सायक्लोस्टाइल करून अंक काढत, तसेच हे अंक घरी टंकलिखित करून, प्रती काढून, टपालाने पाठवले जात. विशेष म्हणजे या अंकांत लिहिणाऱ्या बहुसंख्य स्त्रिया होत्या. घर, नोकरी, मुलेबाळे सांभाळून उरलेल्या वेळात त्या अंतराळात भटकून येत.

१९७३ मध्ये पॉला स्मिथ हिने 'मेनॅजरी' या अशाच एका अंकात 'अ ट्रेकीज टेल' नावाची एक चिमुकली कथा छापली. चाहत्यांचे अनेक अंक वाचताना तिच्या लक्षात आले होते, की दर दुसऱ्या गोष्टीत एकच मुलगी निरनिराळ्या नावांनी भेटते. त्या मुलीची तिने हसतखेळत नक्कल केली.

तिची लेफ्टनंट मेरी स्यू ही साऱ्या ताफ्यातली सर्वांत लहान अधिकारी. यानावर पाऊल ठेवताच कॅप्टन कर्क तिच्या प्रेमात पडतो, आणि ती त्याला नम्रपणे नकार देते. स्पॉकसारखीच तीही अर्धी परग्रहवासी निघते. शत्रूने साऱ्यांना डांबले की ती केसातल्या पिनेने कुलूप उघडते. यानावरची मोठी मंडळी आजारी पडली की ती एकटी यान चालवते, आणि इतके उत्तम चालवते की तिला शांततेचे नोबेल मिळते. अखेर तिलाही तो आजार गाठतो आणि सर्वांच्या मांडीवर ती प्राण सोडते. साऱ्या यानावर रडारड होते, आणि तिचा जन्मदिवस तिथे सुटीचा दिवस ठरतो.

वाचणाऱ्यांनी हसून पोट धरले. हसण्यात वावगे काही नव्हते. त्यांतल्या अनेकींनी आपल्या पहिल्यावहिल्या गोष्टीत हेच लिहिले होते, त्यामुळे त्या स्वतःलाही हसत होत्या.

विनोदाची झाली छडी

पण एखादे टोपणनाव एकदा हाती लागले, की ते जपून वापरण्याचे भान सर्वांना राहतेच असे नाही. 'ही तर मेरी स्यू!' एवढा शेरा मारला की टीका पूर्ण झाली, असे होऊ लागले. नवीन स्त्री-पात्र दिसले रे दिसले, की वाचक आधी तिचे दोष शोधू लागत. ती हुशार असली तर मेरी स्यू, देखणी असली तर मेरी स्यू, नायकाला आवडली तर नक्कीच मेरी स्यू.

पुढे इंटरनेट आले तेव्हा या तपासणीचे चक्क तक्ते तयार झाले. आपल्या पात्राचे डोळे जांभळे आहेत का? नाव अनोखे आहे का? ती अनाथ आहे का? तिला गाता येते का? अशा प्रश्नांना उत्तरे द्यायची, गुणांची बेरीज करायची, आणि बेरीज जास्त झाली की आपले पात्र नापास. गुणपत्रिकेची सवय असलेल्या मुलांनी ती परीक्षाही इमानेइतबारे दिली.

याचा परिणाम काय झाला? कमिल बेकन-स्मिथ या अभ्यासिकेने या लेखिकांमध्ये वावरून, त्यांच्याशी बोलून 'एंटरप्रायझिंग विमेन' हे पुस्तक लिहिले. ते १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात नोंदवलेली एक तक्रार विचार करायला लावणारी आहे. काही लेखिकांनी आपल्या कथांत बायकांना घेणेच सोडून दिले होते. कारण कोणतीही बाई घेतली तरी कोणी ना कोणी तिला मेरी स्यू म्हणणारच, ही धास्ती. स्त्रियांनी स्त्रियांसाठी चालवलेल्या अंकांतूनच स्त्री-पात्रे मागे सरू लागली! थट्टेत निघालेल्या एका शब्दाचा हा प्रताप.

मग उलट सवाल सुरू झाले. जेम्स बॉण्ड कोणतेही वाहन चालवतो, कोणत्याही संकटातून सुटतो, दिसेल ती सुंदरी त्याच्यावर भाळते. त्याला कोणी का हसत नाही? सुपरमॅनचे काय? खुद्द कॅप्टन कर्कचे काय? १९८७ मध्ये 'स्टार ट्रेक'ची नवी मालिका सुरू झाली. तिच्यात वेस्ली नावाचा एक पोरसवदा मुलगा वारंवार सारे यान वाचवू लागला, तेव्हा चाहत्यांनी त्यालाही मेरी स्यूच्याच पंगतीत बसवले. गंमत म्हणजे मालिकेचे जनक जीन रॉडनबेरी यांचे मधले नाव वेस्लीच होते. म्हणजे स्वतःला गोष्टीत घालून मिरवण्याचा मोह हौशी मुलींनाच होतो, असे काही नाही. नामांकितांनाही तो होतो. फरक इतकाच, की त्यांच्या हाताशी स्टुडिओ असतो आणि मुलीच्या हाताशी शंभर पानी वही.

हा शब्द अजूनही जिवंत आहे. २०१५ मध्ये 'स्टार वॉर्स' मालिकेतल्या नव्या चित्रपटात रे ही नायिका आली, तेव्हा तिच्यावरही हाच शिक्का मारला गेला आणि जगभर वाद रंगला. दुसरीकडे, स्त्रियांच्या नजरेतून चित्रपट-मालिकांचा समाचार घेणाऱ्या एका अमेरिकी संकेतस्थळाने २०११ मध्ये आपले नावच 'द मेरी स्यू' असे ठेवले.

दुसरी बाजूही ऐकू

एवढ्यावरून तक्रार करणारे सारे वाचक दुष्ट होते, असा निष्कर्ष काढणे बरोबर होणार नाही. त्यांचेही म्हणणे आहे, आणि त्यात तथ्य आहे.

मेरी स्यूचा खरा दोष ती हुशार आहे हा नव्हे. ती आली की बाकीच्यांचे शहाणपण पळून जाते, हा तो दोष आहे. एरवी दहा वेळा विचार करून बोलणारा स्पॉक पहिल्या भेटीतच तिला मनातले गुपित सांगतो. यान जीव की प्राण मानणारा कर्क ते साडेपंधरा वर्षांच्या मुलीच्या ताब्यात देऊन मोकळा होतो. वाचक ज्या माणसांना भेटायला आला, ती माणसे तिथे नसतातच. त्यांचे मुखवटे घातलेले होयबा तेवढे असतात. नाटकात मुख्य नटाला उठाव यावा म्हणून बाकीच्यांनी मुद्दाम पडेल काम केले तर प्रेक्षकाला जसे वाटेल, तसेच हे.

चाहत्यांच्या बोलीत यासाठी एक तक्रार ठरलेली आहे : पात्र 'आपल्यासारखे वागत नाही'. कोणत्याही कथेवर यापेक्षा कठोर शेरा नाही. कारण या छंदाचा सारा आनंद ओळखीच्या माणसांना अनोळखी प्रसंगात पाहण्याचा आहे. प्रसंग हवा तो घ्या. कर्कला पुण्याच्या बसमध्ये बसवा. पण तिथेही तो कर्कसारखाच वागला पाहिजे.

आता खरी मेख इथेच आहे. कर्क 'कर्कसारखा' वागतो म्हणजे नेमका कसा, हे सांगायचे कोणी?

पात्र कोणाचे?

मूळ लेखकाने जे लिहिले ते प्रमाण, असे सोपे उत्तर आहे. या प्रमाण मजकुराला चाहते 'कॅनन' म्हणतात. हा शब्द मुळात धर्मग्रंथांच्या संदर्भातला. १९११ मध्ये रोनाल्ड नॉक्स या ऑक्सफर्डच्या विद्वानाने, पंडित लोक बायबलची चिकित्सा करतात त्याच गंभीर थाटात शेरलॉक होम्सच्या कथांची चिकित्सा करणारा एक विनोदी निबंध वाचला. होम्सच्या कथांना 'कॅनन' म्हणण्याची पद्धत त्या थट्टेतूनच रुजली असे मानतात. पण नुसता मूळ मजकूर हाती घेऊनही वाद मिटत नाही. डॉ. वॉटसनला युद्धात गोळी लागली ती एका कादंबरीत खांद्याला आणि दुसरीत पायाला. कोनन डॉयल बहुधा विसरून गेले असावेत. चाहत्यांनी मात्र या एका जखमेवर आजवर ढिगाने कागद खर्ची घातले आहेत.

मग लेखकालाच विचारावे? अभिनेता विल्यम जिलेट याने होम्सवर नाटक बसवताना डॉयलना तार करून विचारले, की होम्सचे लग्न लावले तर चालेल का? लग्न लावा, खून करा, काय हवे ते करा, अशा आशयाचे उत्तर आले. दुसरे टोक म्हणजे ॲन राइस. पिशाचकथांच्या या लेखिकेने २००० मध्ये आपल्या पात्रांवर चाहत्यांनी कथा लिहू नयेत असे बजावले, आणि तेव्हाच्या एका मोठ्या संग्रहस्थळाने तशा कथा काढूनही टाकल्या.

लेखकाने नंतर तोंडी सांगितलेले प्रमाण मानायचे का, हा आणखी एक वाद. हॅरी पॉटरचे सातवे आणि शेवटचे पुस्तक २००७ च्या जुलैमध्ये आले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्कमधल्या कार्यक्रमात जे. के. रोलिंग यांनी सांगितले, की शाळेचे मुख्याध्यापक डम्बलडोर समलिंगी आहेत असे आपल्या मनात पहिल्यापासून होते. पुस्तकात तसे स्पष्ट लिहिलेले नाही. चाहत्यांत सरळ दोन तट पडले. एक म्हणे, निर्मातीने सांगितले, विषय संपला. दुसरा म्हणे, पुस्तक मिटल्यावर त्या आणि आम्ही सारखेच वाचक. जे पानावर नाही ते त्यांचेही मतच. फ्रेंच समीक्षक रोलां बार्थ यांनी १९६७ मध्ये लेखकाच्या 'मृत्यू'वर निबंध लिहून हाच प्रश्न विद्वानांपुढे ठेवला होता. तो न वाचलेली शाळकरी मुलेही आता त्यावर तावातावाने भांडू लागली.

कर्क आणि स्पॉक यांच्याबाबत तर मोठाच पेच होता. त्यांची जिवलग मैत्री हे खरे तर प्रेमच आहे, असे मानून लिहिणाऱ्यांचा एक मोठा गट १९७०च्या दशकातच तयार झाला. 'हे मूळ मालिकेत कुठे आहे?' असे विचारणारा दुसरा गटही होता. १९७९ मध्ये रॉडनबेरी यांनी 'स्टार ट्रेक' चित्रपटावरून लिहिलेल्या कादंबरीत एक तळटीप टाकली. तिच्यात खुद्द कर्क या अफवेचा उल्लेख करतो आणि आपली ओढ स्त्रियांकडे असल्याचे सांगतो. पण त्याच टिपेत स्पॉकच्या भाषेतला एक शब्द येतो, ज्याचा अर्थ मित्र, भाऊ आणि प्रियकर असा तिन्ही होऊ शकतो. झाले! पहिल्या गटाने एक ओळ उचलली, दुसऱ्याने दुसरी, आणि एकाच तळटिपेने दोघांचेही समाधान झाले.

इरावतीबाईंची नरोटी

महाभारतावर वाढलेल्या आपल्या वाचकाला यात फारसे नवल वाटणार नाही. शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय'मध्ये कर्णाच्या पत्नीला, वृषालीला, स्वतःची कहाणी सांगायला लावली. खांडेकरांनी 'ययाति'त महाभारतातले एक उपाख्यान घेऊन त्यावर आपल्या काळाची कादंबरी उभी केली. मूळ कथा सर्वांची, म्हणून तिथे परवानगीचा प्रश्न येत नाही. पण अर्थ कोणाचा, हा प्रश्न तिथेही येतोच.

त्या दृष्टीने इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये जे केले ते पाहण्यासारखे आहे. १९६७ मध्ये आलेल्या या पुस्तकात त्यांनी महाभारताच्या संशोधित आवृत्तीचा आधार घेऊन एकेका पात्राची चिकित्सा केली. द्रौपदीवरच्या लेखात, आधाराने म्हणता येईल ते सारे म्हणून झाल्यावर, त्या क्षणभर थांबतात. इथून पुढचे आपल्या कल्पनेचे आहे, ही आपली 'नरोटी' आहे, असे वाचकाला सांगतात, आणि मग द्रौपदीच्या अखेरच्या क्षणांचे चित्र रंगवतात. त्यात भीमाने तिच्यावर किती प्रेम केले हे तिला उमगते. नरोटी म्हणजे नारळाची रिकामी करवंटी, किंमत नसलेली वस्तू. 'युगान्त' वाचलेल्या बहुतेकांना नेमकी ती नरोटीच आठवते, हा भाग वेगळा.

चाहत्यांच्या जगात आज ज्याला 'हेडकॅनन' म्हणतात, म्हणजे ज्याच्या त्याच्या डोक्यातले प्रमाण, ते हेच. मूळ ग्रंथात काय आहे आणि माझे काय आहे, यांच्यामध्ये एक स्वच्छ रेघ ओढायची, आणि मग आपले म्हणणे मोकळेपणी मांडायचे. वाद चिघळतो तो ही रेघ पुसली जाते तेव्हा. आपली नरोटी हाच मूळ ग्रंथ आहे असे एक जण म्हणू लागतो, आणि दुसऱ्याची नरोटी फोडायला निघतो.

सांगावे की न सांगावे?

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. समजा, कोणी खरोखरच वाईट लिहिले आहे. शुद्धलेखनाच्या चुका आहेत, पात्रे बिघडली आहेत. वाचकाने ते बोलून दाखवावे का?

जुन्या छापील अंकांच्या काळात उत्तर सोपे होते. अंकाला संपादक असे, कागदाला पैसे पडत, वाचक अंक विकत घेई. साहजिकच नावडल्याचे पत्र पाठवण्याचा त्याला हक्क होता. इंटरनेटवर संपादक नाही, कागद नाही आणि किंमतही नाही. पंधरा वर्षांच्या मुलीची पहिली गोष्ट आणि चाळिशीतल्या मुरलेल्या लेखिकेची शंभरावी गोष्ट शेजारी शेजारी येऊन बसतात.

एक पक्ष म्हणतो : चार लोकांसमोर मांडले ना? मग चार लोक बोलणारच. चूक कोणी दाखवली नाही तर ती सुधारणार कशी? नुसती वाहवा म्हणजे गोड बोलून केलेले नुकसान.

दुसरा पक्ष म्हणतो : ही भेटवस्तू आहे. हळदीकुंकवाला गेल्यावर खिरापतीत साखर कमी पडली असे कोणी यजमानीणबाईंना तोंडावर ऐकवते का? इथे कोणी पैसे घेतलेले नाहीत, कोणी परीक्षेला बसलेले नाही. 'आवडत नसेल तर वाचू नका,' एवढा साधा नियम पाळा.

वर्षानुवर्षांच्या वादावादीतून काही रिवाज मात्र घडत गेले. एक म्हणजे 'बीटा रीडर'. कथा लोकांपुढे ठेवण्याआधी ती एखाद्या जाणत्या मैत्रिणीला वाचायला द्यायची. तिने हात न आखडता चुका दाखवायच्या, आणि लेखिकेने तिचे जाहीर आभार मानायचे. म्हणजे टीका होते, पण मागितलेली, विश्वासातली आणि वेळेवर. दुसरा रिवाज म्हणजे लेखिकेने सुरुवातीलाच लिहायचे, की सूचनांचे स्वागत आहे किंवा सध्या नको. तिसरा म्हणजे डब्यावरच्या चिठ्ठीसारखी माहिती : कथेत कोण पात्रे आहेत, शेवट सुखाचा की दुःखाचा, हिंसा किंवा नायकाचा मृत्यू आहे का. ती वाचून ज्याने त्याने ठरवायचे. ज्याला काही बोलायचे नाही पण आवडल्याचे कळवायचे आहे, त्याच्यासाठी एक बटण असते. ते दाबले की झाले.

या रिवाजांनी सारे प्रश्न सुटले असे मात्र नाही. एखाद्या कथेत विशिष्ट वर्णाच्या वा समाजाच्या पात्राची विटंबना असेल, तर 'आवडत नसेल तर वाचू नका' हे उत्तर पुरत नाही. तो लेखनकौशल्याचा प्रश्नच राहत नाही. दुसऱ्याचे परिच्छेद उचलून आपल्या नावावर खपवणाऱ्याला भेटवस्तूची सबब सांगता येत नाही. तिथे बोलावेच लागते, आणि लोक बोलतातही. पण ज्या मुलीचा गुन्हा इतकाच, की तिने आपल्या नायिकेला फार सुंदर आणि फार शूर केले, तिच्यासाठी चारचौघांत छडी उगारायची गरज आहे का, याचे उत्तर आता पूर्वीइतके अवघड राहिलेले नाही.

घरातली मेरी स्यू

हे सारे सातासमुद्रापार घडते असे समजण्याचे कारण नाही. २०११-१२ मध्ये स्टार प्लसवर गाजलेली 'इस प्यार को क्या नाम दूँ?' ही मालिका संपली, तरी अर्णव आणि खुशी यांच्यावर चाहत्यांच्या कथा पुढे येतच राहिल्या. 'खुशी असे कधी बोलणारच नाही' हा शेरा तिथेही पडतो. हॅरी पॉटर वाचून वाढलेली मुले-मुली तर आता आपल्या घराघरांत आहेत. तेव्हा गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर, किंवा मोबाइलच्या एखाद्या कोपऱ्यात, मेरी स्यू आपल्याही घरी राहत असण्याची बरीच शक्यता आहे.

ती सापडली तर काय करावे? 'असले भिकार उद्योग करण्यापेक्षा अभ्यास कर' हे एक उत्तर झाले. वही मावशी-आत्यांपुढे मोठ्याने वाचून दाखवून हसणे हे दुसरे, आणि ते पहिल्याहून वाईट. या वयात मुलगी स्वतःला जशी पाहते तशी ती क्वचितच असते. तिला कोणी विचारत नाही, तिच्या हाती काही सोपवत नाही. निदान गोष्टीत तरी तिला यान चालवायला मिळते. पहिल्या गोष्टीत बहुतेक जणी स्वतःलाच नायिका करतात. दुसऱ्या-तिसऱ्या गोष्टीत ती नायिका एखादी चूक करू लागते. पुढे केव्हा तरी नायिकेखेरीज बाकीच्यांनाही मन असते, हे लिहिणारीच्या ध्यानात येते. मेरी स्यूची वाढ होते ती अशी, आणि ती होईपर्यंत लिहीत राहावे लागते.

या वाटेने पुढे गेलेल्यांची नावेही आहेत. अनेक ह्यूगो पुरस्कार मिळवणाऱ्या विज्ञानकथाकार लोइस मॅकमास्टर बुजोल्ड यांनी तरुणपणी, १९६८ मध्ये, 'स्टार ट्रेक'च्या चाहत्यांचा अंक काढायला हातभार लावला होता. 'टेमेरेअर' ही कादंबरीमाला लिहिणाऱ्या नेओमी नोविक चाहत्यांच्या कथा लिहीत लिहीतच कादंबरीकार झाल्या, आणि वर उल्लेखलेले संग्रहस्थळ उभारण्यात त्यांचा पुढाकार होता. त्या स्थळाचे नावही अर्थपूर्ण आहे. स्त्रीला लिहायचे असेल तर तिची स्वतःची खोली हवी, असे व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ मध्ये म्हटले होते. 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे नाव त्याच पुस्तकाच्या नावावरून घेतले आहे.

अर्थात लिहिणारी प्रत्येक मुलगी लेखिका होईल असे नाही, व्हायलाही नको. पेटी शिकणारे सगळे कुठे मैफली करतात? पण पात्राच्या मनात शिरून पाहण्याची, 'मी त्याच्या जागी असते तर' असा विचार करण्याची सवय कुठेही उपयोगी पडते. घरात तर फारच.

म्हणून लेकीने, भाचीने किंवा शेजारच्या मुलीने कधी वही पुढे केली, तर चाहत्यांनी पन्नास वर्षे भांडून जे शोधले ते वापरून पाहावे. आधी विचारावे, "नुसती वाचू, की चुकाही दाखवू?" ती म्हणाली नुसती वाच, तर नुसती वाचावी. चुका दाखव म्हणाली, तर एक आवडलेली जागा सांगून मग दोन चुका दाखवाव्यात, दहा नकोत. आणि काहीच सुचले नाही तर, "मग पुढे काय झाले?" एवढे विचारावे. या प्रश्नाचे उत्तर देण्यासाठी ती पुन्हा लिहायला बसेल.